काचेखालचं कुंकू

काष्टी स्टेशनावर पॅसेंजर दोन मिनिटं थांबायची. तेवढ्यात अण्णांनी माझी पत्र्याची ट्रंक चढवली, वळकटी चढवली, शेवटी मला चढवलं, आणि खिडकीचे गज धरून म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू." आई पदराचं टोक तोंडाशी धरून उभी होती. शिट्टी झाली तशी ती गाडीबरोबर चार पावलं चालली आणि थांबली. माझ्या डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. आता सत्तरी उलटल्यावर खोटं कशाला सांगू, कधी एकदा भीमेचा पूल ओलांडते असं मला झालं होतं.

एकाहत्तर सालचा जून होता. मी एकोणीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, आणि चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत पहिली आलेली. मी पुण्याला निघाले होते ते हलती चित्रं काढायला. गावात मात्र बातमी पसरली होती की रामाची शकी सिनेमात चालली. शेजारची एक काकू तर ओसरीवर येऊन आईला विचारून गेली, "तिला नाचाय लागंल का वं?" आईनं तिला चहासुद्धा विचारला नाही.

हे लिहितेय ते त्या काकूंच्या लेकीसुनांसाठी, गावात राहिलेल्या सगळ्यांसाठी, आणि माझ्यासारखी दौंडला गाडी बदलून जी माणसं कुठं कुठं पांगली त्यांच्यासाठीही. त्यांना ठाऊक आहे की दौंडच्या फलाटावर ट्रंकेवर बसून पुढच्या गाडीची वाट बघताना माणूस ना गावचा असतो ना शहराचा. मी तिथं बसून आईनं दिलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. भूक सपाटून लागली होती.

आता अण्णांविषयी सांगते, कारण ही सगळी गोष्ट त्यांच्यामुळं झाली. अण्णा म्हणजे माझे वडील, गावाचा रामा. घरी चार एकर रान होतं, पण ते थोरल्या चुलत्यांच्या हाताखाली. अण्णा गावातल्या ढोरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, बैल आडवा पाडून धरायचा, डॉक्टरांची हत्यारं उकळायची, आणि सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या, म्हणजे स्लाइडी, धुवून पुसून ठेवायच्या. शिक्षण सातवी. डॉक्टर दर दोन-तीन वर्षांनी बदलून जायचे, अण्णा तिथंच. वीस वर्षांत त्या सूक्ष्मदर्शकातून त्यांनी जेवढं बघितलं तेवढं कुठल्याही एका डॉक्टरानं बघितलं नसेल.

मी पाचवीत असताना त्यांनी पहिल्यांदा मला स्टुलावर उभं करून आत बघायला लावलं. गाईच्या रक्ताचा थेंब होता. मला वाटलं होतं तांबडा रंग दिसेल. दिसल्या त्या असंख्य गोल टिकल्या, फिकट, मधे जरा दबलेल्या. "ह्या पेशी," अण्णा म्हणाले, डॉक्टरांचा शब्द जपून उच्चारत. त्या दिवशी घरी जाऊन मी पाटीवर तेवढंच काढलं. पाटी भरली तेव्हा मागच्या बाजूला काढलं. पुढं स्लाइडींवर चिटकवायच्या चिठ्ठ्याही माझ्याच हाती आल्या, कारण अण्णांचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरल्यासारखं. प्रत्येक चिठ्ठीवर तीन गोष्टी असायच्या: जनावर, धनी, गाव. गाय तांबडी, धनी अमका, गाव निमगाव. मी बारीक टाकानं लिहायची आणि अण्णा त्या पेटीत ओळीनं लावायचे.

मी नववीत असताना थोरल्या चुलत्यांनी, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, संकरित गाय आणली. गावातली पहिलीच. तात्या तिला बघायला माणसं बोलवायचे. चार महिन्यांनी गाय तापानं फणफणली आणि तांबडं मुतायला लागली. डॉक्टर रजेवर होते. अण्णांनी तिच्या कानाचं रक्त स्लाइडीवर घेतलं, बघितलं, आणि घरी येऊन सांगितलं, "दादा, ह्यो गोचीडताप हाय. गोचिडीतनं बारकं जीव रक्तात शिरत्यात, पेशीच्या आत. मी बघितल्यात. तालुक्याच्या दवाखान्यात औषध हाय, मी सायकलीवं जाऊन आनतो." तात्या हसले. गोचीड काय आजची आहे का, म्हणाले. जन्मापासून ढोरांच्या अंगावर गोचिडी बघतोय. उष्णता झालीय, डाग दिला की उतरेल. डाग दिला, म्हणजे विळा तापवून पोटावर टेकवला. अण्णा तोवर सायकलीवर तालुक्याला गेले होते. ते औषध घेऊन परत आले तेव्हा गाय गोठ्यात आडवी झाली होती.

त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं कामापुरतं राहिलं. पारावर कुणीतरी टोमणा मारायचं, "रामा, आज पेशीत काय दिसलं रं?" अण्णा उत्तर देत नसत. मला मात्र एकदा म्हणाले, "बघितल्याबिगर बोलायचं न्हाई, शके. आन बघितल्यावं गप ऱ्हायाचं न्हाई." मला त्यांचा राग यायचा, कारण ते स्वतः गप राहत होते.

मग नेने आले. पुण्याचे, पंचेचाळिशीचे, जाड चष्म्याचे. सरकारच्या पशुसंवर्धन खात्यासाठी गोचीडतापावर चित्रपट करायचं काम त्यांच्या छोट्या स्टुडिओला मिळालं होतं, आणि गोठे, गोचिडी, गाई यांचं चित्रण करायला ते आमच्या दवाखान्यात दोन दिवस होते. तिथं भिंतीवर मी काढलेली पेशींची चित्रं खिळ्याला टांगलेली होती. ती त्यांनी बराच वेळ बघितली. जाताना अण्णांना म्हणाले की रक्ताच्या आतलं काही कॅमेऱ्याला असं चालतंबोलतं घेता येत नाही, ते चित्रांनीच हलवून दाखवावं लागतं, आणि मला असा हात हवाय. घरात दोन महिने वाद झाला. तात्यांचा ठाम नकार. आईचं म्हणणं, लग्नाचं वय झालंय. शेवटी अण्णांनी तोड काढली ती दिवाळीपर्यंतची. तोवर काही जमलं तर पुढचं बघू, नाहीतर परत यायचं आणि आलेलं स्थळ बघायचं. माझ्यापुरता मामला सरळ होता: दिवाळीच्या आत तो चित्रपट उभा राहिला पाहिजे, आणि अण्णा जे वीस वर्षं एका डोळ्यानं बघत होते ते सगळ्या गावानं दोन्ही डोळ्यांनी बघितलं पाहिजे.

पुण्यात मावशीकडं राहिले, नाना पेठेत, दोन खोल्यांत सात माणसं. स्टुडिओ म्हणजे तरी काय, एका जुन्या छापखान्याच्या वरची लांबट खोली. आत आम्ही तिघं: नेने सर, कॅमेरा सांभाळणारे इस्माईलभाई, आणि मी. पहिल्या आठवड्यात मी तोंड उघडलं की सर हसू दाबायचे. मी 'हाय' म्हणायची, ते 'आहे' म्हणायचे. महिनाभरात मीही 'आहे' म्हणायला शिकले. मावशीकडं जाताना जिना उतरला की पुन्हा 'हाय' सुरू. आजही मला दोन्ही येतं आणि दोन्हीची लाज वाटत नाही.

काम असं. एका सेकंदाच्या चित्रपटाला चोवीस चौकटी. आम्ही एकेक चित्र दोनदा घ्यायचो, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. आधी कागदावर पेन्सिलीनं काढायचं, खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर, म्हणजे आधीच्या चित्रावर पुढचं चित्र केसभर सरकवता येतं. मग ते पारदर्शक पानावर शाईनं उतरवायचं, पान उलटं करून मागून रंग भरायचा. मग ते पान कॅमेऱ्याखाली ठेवायचं, वर जाड काच दाबायची, एक चौकट घ्यायची, काच उचलायची, पुढचं पान. दिवसभर हेच. आमच्या गावच्या बायका खुरपायला बसल्या की वाफ्यामागून वाफा पुढं सरकतात, त्याची मला सवय होती. सरांना वाटलं होतं मी कंटाळेन. मी कंटाळले नाही.

मुख्य दृश्य माझ्याकडं होतं. गोचीड चावते, बारके जीव रक्तात शिरतात, एक जीव तांबड्या पेशीत घुसतो, एकाचे दोन होतात, पेशी फुगते, फुटते, आणि आतलं तांबडं सगळीकडं पसरतं. तेच पुढं गाईच्या लघवीत उतरतं. पंधरा सेकंद. एकशेऐंशी पानं. ऑगस्ट आणि सप्टेंबर मी त्या पंधरा सेकंदांत घालवले. पेशीचा रंग फिकट गुलाबी ठेवला, म्हणजे आतलं नीट दिसावं. जीव निळा-जांभळा, स्लाइडीवर दिसतो तसा. सरांनी दिलेल्या पुस्तकात त्या जिवाची एकेकटी आकृती होती, थेंबासारखी, ती बघून मी काढलं. अण्णांना पत्र लिहिलं की तुम्हाला तो कसा दिसतो ते कळवा. त्यांचं उत्तर आलं नाही. पत्र लिहायचं म्हटलं की अण्णांना घाम फुटायचा.

खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी नांगर, कुळव, विळे, खुरपी सगळं धुवून ओळीनं मांडतात आणि पुजतात. अण्णा दवाखान्यातली हत्यारंसुद्धा पुजायचे, सूक्ष्मदर्शकाला झेंडूचं फूल ठेवायचे. पुजलेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही. स्टुडिओत कुणाला याचं काही नाही असं मला वाटलं. मी मनाशी म्हटलं, ज्याच्यावर पोट आहे त्याला आपण विसरायचं का? दुपारी सर बाहेर गेलेले. मी कॅमेऱ्याचा सांगाडा पुसला, काच वरून पुसली, उचलून आतूनही पुसली, झेंडूची माळ घातली, आणि अनामिकेनं हळद-कुंकू लावलं. सांगाड्याला लावलं, खालच्या पाटाला लावलं, ब्रशांना लावलं. जाताना इस्माईलभाईंना सांगितलं, "काच मी आतून पुसलीय हं." ते माळेकडं बघून हसले आणि म्हणाले, "छान केलंस."

दसऱ्यानंतर त्यांनी माझी एकशेऐंशी पानं दोन दिवसांत कॅमेऱ्याखाली घेतली. काच आतून पुसलीय असं मी सांगितलेलं, म्हणून त्यांनी रोजच्यासारखी वरूनच पुसली. पारदर्शक पानं तेव्हा सहज मिळत नसत. काम झालं की धुवून पुन्हा वापरायची पद्धत होती. मला तर घरात खरकटं भांडं पडलेलं बघवत नाही. मी दुसऱ्याच दिवशी सगळी पानं कोमट पाण्यात धुवून दोरीवर वाळत घातली. अशी झटपट कामं करणारी मुलगी म्हणून माझं कौतुकही झालं.

आठवड्यानं मुंबईहून फिल्म धुवून आली. सरांनी पडदे ओढले आणि यंत्र सुरू केलं. पेशी आली, जीव आत शिरला, एकाचे दोन झाले. माझी छाती भरून आली होती. आणि पेशीच्या उजव्या कडेला एक गडद तांबडा ठिपका होता. पेशी फुगली तरी ठिपका तिथंच. पेशी फुटली, सगळं पसरलं, वाहून गेलं, आणि रिकाम्या पडद्यावर तो एकटा ठिपका जागचा हलला नाही.

मी ओळखला. अनामिकेला राहिलेलं कुंकू काच खाली ठेवताना आतून लागलं असणार. सरांनी यंत्र बंद केलं आणि इस्माईलभाईंकडं वळले. "काच पुसत नाही का तुम्ही? पंधरा वर्षं झाली तुम्हाला या धंद्यात." इस्माईलभाई माझ्याकडं बघतही नव्हते. ते खाली बघत होते. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर सुटले असते, पण ते बोलले नाहीत. मला दौंडचा फलाट दिसला, उलट्या दिशेचा. दिवाळीला अकरा दिवस राहिले होते. गप बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. मग अण्णांचं ते वाक्य आठवलं, आणि त्यांचा जो राग मला यायचा तोही आठवला.

"सर, ते कुंकू आहे," मी म्हटलं. "खंडेनवमीचं. मी लावलं."

नेने सर देवाधर्माचं काही न करणारा माणूस. त्यांचा चेहरा लाल झाला. "कुणाला विचारून लावलंस?"

"हत्याराला कुंकू लावायला आमच्यात कुणाला विचारत न्हाईत," मी म्हणाले. घाबरले की माझं 'नाही'चं 'न्हाई' व्हायचं. "पण काच सोडायला पायजे होती. ते चुकलं माझं."

इस्माईलभाईंनी तेव्हा मान वर केली. "यंत्राला हार मीही दरसाल घालतो, बेटा. काच तेवढी सोडतो," ते म्हणाले. सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिथूनच त्यांनी विचारलं, पानं कुठायत. पानं दोरीवर वाळून, थप्पी लावून, कपाटात गेली होती. कोरी. सरांनी कपाळावर हात मारला आणि मग, मी आजही सांगते, ते हसले. कच्ची फिल्म थोडी शिल्लक होती, पेन्सिलीचे कागद होते. "दिवाळीपर्यंत पुन्हा रंगवून दे," ते म्हणाले. दिवाळीपर्यंत! सगळ्यांना माझ्यासाठी तोच मुहूर्त सापडायचा.

मी कामाला लागले. सर शाईनं उतरवायचे, मी रंग भरायची. मावशी डबा पाठवायची, तो कधी खाल्ला जायचा, कधी नाही. सातव्या दिवशी, नव्वद पानं झाली होती, जिन्यावर चपला वाजल्या आणि दारात अण्णा. धोतर, टोपी, खांद्याला पिशवी. मला दिवाळीला न्यायला आलेले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. माझ्या खांद्यावरून वाळत घातलेली पानं बघत उभे राहिले. मला वाटलं आता शाबासकी मिळते.

"शके," ते म्हणाले, "ह्ये असं नसतंय."

"काय?"

"जीव. तू एकाचे दोन केलं ते बराबर. पर दोन झाल्यावं ते असे वायले वायले फिरत न्हाईत. जोडीनं असत्यात. जू घातलेल्या बैलावानी. तोंडाला तोंड, आन ढुंगनं लांब." त्यांनी दोन अंगठ्यांची टोकं एकमेकांना लावून दाखवलं. मग पिशवीतून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. आत कापसात गुंडाळलेली एक स्लाइड होती. माझ्या पत्राचं उत्तर त्यांनी असं आणलं होतं, स्वतः उचलून. चिठ्ठी माझ्याच अक्षरातली होती: गाय संकरित, धनी तात्यांचं नाव, गाव काष्टी. ती स्लाइड त्यांनी सगळी वर्षं जपून ठेवली होती.

चार दिवस राहिले होते, आणि आठ दिवसांत दुसऱ्यांदा मला सरांपुढं जाऊन चुकलं म्हणून सांगायचं होतं. तेही सातवी शिकलेल्या ड्रेसरच्या शब्दावर. मी गेले. सरांनी अण्णांकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, तुम्ही हे किती वेळा बघितलंय? अण्णा म्हणाले, "मोजलं न्हाई. पर एकदाबी सुटं बघितलं न्हाई." सर उठले, अण्णांना आणि त्या डब्याला घेऊन ओळखीच्या एका कॉलेजात गेले. तिथल्या प्राध्यापकांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि म्हणाले, ड्रेसर बरोबर आहेत, पुस्तकातली आकृती अर्धवट आहे. परत आल्यावर सरांनी अण्णांना आधी खुर्ची दिली आणि मग चहा मागवला. ठिपका पडला नसता तर ती चुकीची चित्रं तशीच सरकारकडं गेली असती आणि अण्णांनी ती गावच्या पडद्यावर पहिल्यांदा बघितली असती. त्या कुंकवाचे उपकार मी आजवर विसरलेले नाही.

जोडीची सत्तर चित्रं नव्यानं काढायची होती, म्हणजे दिवाळी हुकणार हे नक्की झालं. अण्णा दोन दिवस राहिले. खिडकीशी बसून माझे ब्रश धुवायचे, स्लाइडी धुवायचे तसेच, उलटे-सुलटे उजेडात धरून. प्रत्येक जोडी त्यांना दाखवूनच पुढं जायची. एकदा म्हणाले, "ह्यो डावा जरा बारका दाव, समदं सारखं नसतंय." तो मी बारका केला. जाताना त्यांनी सरांकडं एक विचित्र मागणी केली, ती फुकट गेलेली ठिपक्याची फिल्म. सरांनी वीतभर तुकडा कापून दिला. अण्णांनी तो डब्यात, कापसात ठेवला. मला म्हणाले, "झालं की ये." दिवाळीपर्यंतच्या बोलीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. माझी घराबाहेरची पहिली दिवाळी मावशीकडं झाली, आणि खरं सांगते, त्या दिवशी मात्र मी रडले. आई आंघोळीआधी तेल लावायची तो हात आठवून रडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन उरलेली पानं रंगवली.

फेब्रुवारीत सरकारी गाडी चित्रपट घेऊन काष्टीच्या बाजारतळावर आली. मी आदल्या दिवशीच गावात गेले होते. दिवस मावळताच दोन बांबूंवर पांढरा पडदा ताणला. अर्धं गाव आलेलं, शकीचा सिनेमा बघायला. नाच नाही हे कळल्यावर ती काकू थोडी हिरमुसली, पण बसून राहिली. आधी गोठा, गोचिडी, गाई. मग पडद्यावर ती फिकट गुलाबी पेशी आली, घराएवढी. जीव आत शिरला. एकाचे दोन झाले, तोंडाला तोंड लावून. पेशी फुगली आणि फुटली. मग पुढच्या रांगेतून तात्या उठले आणि यंत्र चालवणाऱ्याला म्हणाले, "तेवढंच परत दाव." त्यानं पुन्हा दाखवलं. तात्यांनी मागं वळून माणसांत अण्णांना शोधलं.

"रामा, ह्ये तू त्या टायमाला बघितलं हुतंस?"

"व्हय दादा."

"असंच?"

"असंच."

"मग बोलला का न्हाईस?"

"सांगितलं हुतं दादा."

तात्या पुन्हा पडद्याकडं वळले. "सांगितलं हुतंस," ते म्हणाले. "दावलं न्हवतंस." आणि खाली बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी ते नवी गाय घेऊन दाराशी उभे होते. अण्णांनी गाईच्या कानाचं रक्त घेतलं, स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली लावली, आणि सगळ्यात आधी थोरल्या भावाला म्हणाले, "या, बघा." तात्या एक डोळा गच्च मिटून कितीतरी वेळ बघत होते. पारावर पेशीचा टोमणा त्यानंतर कुणी मारल्याचं मी ऐकलं नाही.

मी परत पुण्याला आले ती आलेच. पुढं मुंबई झाली, बंगळूर झालं, लग्न झालं, मुलं झाली. पेन्सिलीच्या जागी संगणक आला. आता माझ्या हाताखाली शिकलेली मुलं अख्खी पेशी पडद्यावर गरागरा फिरवतात, तिच्या आतून चक्कर मारून आणतात. पानं धुवावी लागत नाहीत, चूक झाली तर एक बटण दाबलं की मागं जाता येतं. मला हे सगळं आवडतं. जुनं तेच चांगलं असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. फक्त जोडीतला डावा जरा बारका काढा एवढं मी त्यांना अजून सांगते, आणि खंडेनवमीला संगणकाला कुंकू लावते, पडदा सोडून.

अण्णा गेल्यावर त्यांची स्लाइडींची पेटी माझ्याकडं आली. एकेक कप्पा बघत गेले. माझ्या बारीक अक्षरातल्या चिठ्ठ्या, आणि मी गेल्यानंतरच्या त्यांच्या कोंबडीनं उकरलेल्या. शेवटच्या कप्प्यात दोन काचपट्ट्यांमधे नीट दाबून बसवलेला तो वीतभर फिल्मचा तुकडा होता. त्यावर चिठ्ठी होती, त्यांच्या अक्षरात. जनावराच्या जागी लिहिलं होतं: पेशी. धनी: शकुंतला. गाव: पुणे. खाली त्या दिवाळीच्या पाडव्याची तारीख होती.

आधी मला ते लागलं. एवढ्या लवकर मला गावाच्या खात्यातून काढून टाकलं? मी तर त्यानंतरही कितीतरी वर्षं मनात गावीच होते, कुणी विचारलं की काष्टी सांगायची. मग पाडव्याचा तो दिवस डोळ्यांपुढं आला. लेकीला न आणता माणूस एकटा परत आलेला, घरात फराळाची ताटं, आई रुसलेली, तात्या तोवर बोलत नव्हते. आणि हा माणूस खिडकीशी बसून काचपट्टी पुसतो आणि पोरीच्या नावापुढं पुणे लिहितो. मी तिथं राहू की नको हे मी अजून ठरवलंही नव्हतं, आणि त्यांनी बोलीचं काही न बोलता ते लिहूनसुद्धा टाकलं होतं. त्यांनी मला पाठवलं होतं ते परत मागण्यासाठी नव्हे. हे मला पन्नाशीनंतर कळलं.

घर म्हणजे काय असं आता कुणी विचारलं तर मी ती पट्टी उजेडाकडं धरते. एकेका चौकटीत पेशी फुगत जाते, फुटते, वाहून जाते, आणि कडेचा तो ठिपका प्रत्येक चौकटीत तिथल्या तिथं असतो. बघून झालं की पट्टी परत कापसात ठेवते. चिठ्ठीवर अण्णांच्या ओळीखाली थोडी जागा होती. तिथं मी माझ्या बारीक अक्षरात लिहिलं, मूळ गाव काष्टी. आधी पेन्सिलीनं लिहिलं होतं. मग वाटलं पुसून जाईल, म्हणून शाईनं गिरवलं.